स्कोअरबुकात न उतरणारं काम: हायस्कूल बेसबॉलचा कोच होण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारे एक गृहस्थ, आयटीत नोकरी, कॉलेजपर्यंत क्रिकेट खेळलेले. मुलाच्या हायस्कूलमधून विचारणा झाली आहे की बेसबॉलच्या जेव्ही टीमला (ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य 'व्हर्सिटी' टीमखालची दुसरी टीम) असिस्टंट कोच म्हणून याल का. ते लिहितात, "मुलामुळे सात-आठ वर्षं मैदानावर आहे, खेळ कळतो. आठवड्याला दहा-बारा तास काढता येतील. हो म्हणू का? बाहेरून दिसत नाही असं नेमकं काय करावं लागतं?"

मी याच राज्यात हायस्कूलला गणित शिकवतो आणि सोळा सीझन बेसबॉलला कोच आहे. पहिली सहा वर्षं असिस्टंट, नंतर हेड कोच. तुमच्यासारखाच मीही क्रिकेटमधून आलो, मिरजेच्या मैदानांवर वाढलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तासांचं आधी बोलू, कारण तो आकडा चुकला की घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे ओढाताण होते. सीझनमध्ये आठवड्याचे सहा दिवस जातात. प्रॅक्टिसच्या दिवशी पावणेतीन ते सहा. बाहेरगावच्या मॅचला शाळा सुटताच बस निघते, चारला मॅच, सात इनिंगना (दोन्ही टीमची तीन-तीन आउटची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग) दोन-अडीच तास, आणि परत शाळेच्या आवारात यायला साडेसात. तिथे काम संपत नाही. शेवटच्या मुलाला न्यायला कुणी येईपर्यंत कोच हलत नाही. पार्किंगमध्ये एका मुलाबरोबर अर्धा-पाऊण तास उभं राहण्याचे प्रसंग दर सीझनला येतात, आणि खरं सांगायचं तर त्या वेळात मुलं जे बोलतात ते एरवी कधीच बोलत नाहीत. असिस्टंटचे आठवड्याला वीस-पंचवीस तास धरा. मार्चपासून मे अखेरपर्यंत. हिवाळ्यात जिममधला सराव वेगळा. मानधन मिळतं, पण तासांनी भागून पाहू नका.

"खेळ कळतो" हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. क्रिकेटवाल्याला जमिनीलगत आलेला बॉल मऊ हातांनी घेता येतो, उंच झेलाखाली पाय कसे हलवायचे ते कळतं. अंतराचा अंदाज मात्र नव्याने बसवावा लागतो. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, इथे पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्याची, पट्टी होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) ६० फूट ६ इंचांवर. ताशी ८५ मैलांचा बॉल पिचरच्या हातातून सुटला की अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर, आणि तोही टप्पा न पडता. हे सगळं एका सीझनमध्ये अंगवळणी पडेल. ज्यासाठी मी लिहायला बसलो ते वेगळं आहे.

स्कोअरबुकात प्रत्येक बॉल, प्रत्येक धाव, प्रत्येक चूक लिहिली जाते. कोचचं खरं काम त्या पुस्तकात कुठेच उतरत नाही. सुरुवात पिचरच्या हातापासून करतो.

२०१७ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेला पिच काउंटचा नियम करावाच लागतो. म्हणजे एका दिवसात किती बॉल टाकायचे आणि त्यानंतर किती दिवस विश्रांती घ्यायची. त्याआधी हे बहुतेक ठिकाणी इनिंगवर मोजलं जाई. एका इनिंगमध्ये नऊ बॉलही लागतात आणि पस्तीसही, त्यामुळे त्या मोजण्याला फारसा अर्थ नव्हता. आपल्या राज्याचा तक्ता संघटनेच्या नियमपुस्तिकेत आहे, तो पाठच करा. शिवाय मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून २०१४ मध्ये काढलेली 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक तत्त्वं वाचा. त्यानुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५, आणि १७-१८ च्या मुलाने १०५. वर्षभरात १०० इनिंगच्या वर नाही. वर्षातले किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद, आणि त्यातले सलग दोन-तीन महिने खांद्यावरून फेकणंच बंद. १०० इनिंगचा आकडा हवेतून आलेला नाही. तरुण पिचर्सचा दहा वर्षं मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, वर्षाला १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला.

आता या मोजणीत काय येत नाही ते पाहा. मॅचआधी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, तो तीसेक बॉल टाकतो. पहिल्या इनिंगआधी माउंडवरून (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून) आठ, नंतर दर इनिंगआधी पाच. सात इनिंग टाकल्या तर हेच झाले ३८. पुस्तकात ८५ लिहिलेलं असतं, आणि खांद्यातून दीडशेच्या वर गेलेले असतात. बॅटरने मारलेला बॉल उचलून बेसवर फेकणं, आदल्या दिवशीचा सराव, हे त्याहून वेगळं. मॅच संपल्यावर त्याच मुलाला "उद्या शॉर्टस्टॉपला खेळ" म्हणून उभं केलं (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली ही जागा, तिथून लांब फेकावं लागतं), तर तक्त्याचा कुठलाच नियम मोडत नाही. पण हात तोच असतो.

हे मी एका मुलाच्या कोपरावर शिकलो. हेड कोच म्हणून माझं दुसरं वर्ष. ज्युनियर, म्हणजे अकरावीतला मुलगा, शांत, मेहनती. मंगळवारच्या मॅचमध्ये त्याने ६४ बॉल टाकले. तक्त्यात सगळं व्यवस्थित, मागची विश्रांती पूर्ण. बुधवारी सकाळी तो माझ्याकडे आला नाही, दुखापती बघणाऱ्या शाळेच्या ट्रेनरकडे गेला. दात घासताना हात तोंडापर्यंत जात नाही म्हणाला. मग कळलं की रविवारी एका इनडोअर केजमध्ये (सरावाच्या जाळीत) खासगी पिचिंग कोचसमोर त्याने साठेक बॉल पूर्ण जोराने टाकले होते. वडिलांनी तासाचे पैसे आधीच भरले होते, आणि मंगळवारी मॅच आहे म्हणून नाही म्हणायचं मुलाला सुचलं नाही. मला सांगायचंही सुचलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. सहा आठवडे हातात बॉल नाही. सीझन तिथेच संपला. ऑपरेशन टळलं एवढंच समाधान. कोपराचा आतला लिगामेंट गेला की जी शस्त्रक्रिया करतात, डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये मेजर लीगमधल्या डॉजर्स टीमचा पिचर टॉमी जॉन याच्यावर पहिल्यांदा केलेली, तिच्यातून पिचरला परत उभं राहायला वर्ष-दीड वर्ष लागतं. हायस्कूलच्या मुलाच्या आयुष्यातलं दीड वर्ष म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

तेव्हापासून माझ्या खिशात एक छोटी वही असते. दर सोमवारी प्रत्येक पिचरला मी एकच विचारतो: "शनिवार-रविवारी किती टाकलेस, आणि कुणासमोर?" पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुलं "नाही कोच, काहीच नाही" म्हणतात. खरं सांगितल्यावर कोच रागावत नाही आणि टीममधून काढत नाही हे त्यांना पटायला वेळ लागतो. जेव्ही कोच म्हणून तुमच्याकडून माझी पहिली अपेक्षा हीच असेल. पंधरा वर्षांचा मुलगा हेड कोचपाशी बोलायला बिचकतो, तुमच्यापाशी बोलेल.

आकडा नसेल तेव्हा डोळ्यांनी वाचावं लागतं. थकलेल्या पिचरचा कोपर खांद्याच्या रेषेखाली येऊ लागतो. बॉल गुडघ्याच्या उंचीवर पडायचा तो छातीवर येतो. दोन बॉलमधला वेळ वाढतो, तो माउंडमागे जाऊन उगाच बुटाने माती उकरतो, हात झटकतो. हे दिसलं की पुस्तकात ५५ असो की ९५, चालत जायचं आणि बॉल मागायचा. सहावी इनिंग, एका रनची आघाडी, स्टँडमधून त्याचे वडील ओरडताहेत, "ही इज फाइन, कोच!", आणि मुलगा डोळ्यांत पाणी आणून म्हणतोय, "आय गॉट धिस". त्या वेळी बॉल घेणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं.

त्याहून अवघड म्हणजे ट्रायआउटनंतर, म्हणजे निवड चाचणीनंतर, मुलं कमी करणं. लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये प्रत्येकाला खेळवतात. हायस्कूलमध्ये पन्नास मुलं येतात आणि दोन्ही टीम मिळून जागा पस्तीसेक. पूर्वी दारावर यादी लावायची पद्धत होती, आता ईमेलवर कळवतात. मी दोन्ही करत नाही. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं, समोरासमोर, घेतलेल्यांनाही आणि न घेतलेल्यांनाही. एका वर्षी नववीपासून सलग आमच्याबरोबर असलेल्या, अकरावीतल्या मुलाला मी नाही म्हणालो. त्याचा बॅटस्पीड कमी होता, धावणंही मंद, आणि त्याच्या जागेवर दोन नवे मुलगे चांगले होते. हे मी त्याला नीट सांगितलं. त्याने मान डोलावली आणि मग विचारलं, "मग उद्या तीन वाजता मी कुठे जाऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं रोज तीन वाजता तो ज्या मुलांबरोबर होता ते सगळे माझ्या मैदानावर असणार होते. तेव्हापासून मी ट्रायआउटच्या आठवड्यात ट्रॅकच्या (धावण्याच्या) कोचशी आधीच बोलून ठेवतो. बऱ्याच शाळांत स्प्रिंगच्या ट्रॅक टीममध्ये कुणाला कापत नाहीत. ज्याला मी नाही म्हणतो त्याला त्याच वाक्यात सांगता येतं की उद्या तीन वाजता अमुक माणूस तुझी वाट बघतोय. सगळेच जातात असं नाही. पण दार उघडं असलं पाहिजे, आणि ते उघडून ठेवणं कोचकडे आहे.

निवड झालेल्यांतही अर्धे बाकावर असतात. टीममध्ये अठरा-वीस जण, मैदानावर नऊ. शालेय नियमांत एक चांगली सोय आहे. सुरुवातीला उतरलेला खेळाडू बाहेर काढून त्याच्या बॅटिंगच्या क्रमावर त्यालाच एकदा परत आणता येतं. मेजर लीगमध्ये असं चालत नाही. जेव्हीला ही सोय मनापासून वापरा. बाकावरच्या मुलाला दोन इनिंग द्या, मग पहिल्याला परत आणा. आणि तिथे बसलेल्यांना खरं काम द्या. एकाने समोरच्या पिचरचे बॉल मोजायचे, एकाने त्यांच्या कॅचरचा (प्लेटमागे बॉल झेलणाऱ्याचा) थ्रो किती सेकंदांत सेकंड बेसला पोचतो ते स्टॉपवॉचवर बघायचं. ती माहिती घेऊन पाचव्या इनिंगमध्ये तुम्ही खरोखर धावपटूला बेस चोरायला, म्हणजे बॉल मारला जाण्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळायला, सोडलंत, तर त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. माझ्या वहीच्या मागच्या पानावर सगळ्यांची नावं असतात आणि आज ज्याच्याशी खेळाखेरीज दोन शब्द बोललो त्यापुढे खूण. आठवड्यात एखाद्यापुढे खूण नसली तर चूक माझी.

मैदानाचं काम कुणी आधी सांगत नाही. शाळेचा माणूस गवत कापतो. माउंड, बेसभोवतीची माती आणि रेषा बहुतेक ठिकाणी कोचच सांभाळतात. लहानपणी कबड्डीच्या मैदानावर फक्की मारली असेल तर रेषा आखताना हात आपोआप चालेल. माउंड शिकावा लागतो. तो प्लेटपेक्षा दहा इंच उंच असतो आणि पट्टीच्या पुढे सहा इंचांपासून दर फुटाला एक इंच उतरतो. पिचरचा पुढचा पाय रोज एकाच जागी आपटतो आणि तिथे बशीएवढा खड्डा पडतो. तो भुसभुशीत मातीने बुजवला तर दुसऱ्याच बॉलला परत उकरला जातो. आधी सुटी माती झाडून काढायची, खड्ड्याचा तळ पाण्याने ओला करायचा, चिकणमाती थराथराने भरायची, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकायचा, मग वरून ताडपत्री. वीस-पंचवीस मिनिटं जातात, मॅच संपल्यावर, अंधारात, मुलं बॅगा भरत असताना. ही रोजची कटकट वाटेल, पण पुढचा पाय खड्ड्यात घसरला की शरीर मागे राहतं आणि सगळा जोर कोपरावर येतो. वर हातांबद्दल जे लिहिलं त्याचाच हा भाग आहे.

पावसानंतर मातीवर डबकं दिसलं की नवीन माणूस झाडू घेऊन पाणी गवतात लोटतो. तसं करू नका. पाण्याबरोबर बारीक माती गवताच्या कडेला जाऊन बसते आणि काही आठवड्यांत तिथे उंचवटा तयार होतो. जमिनीलगत येणारा बॉल त्या उंचवट्याला लागून थेट शॉर्टस्टॉपच्या तोंडावर उसळतो. स्पंज किंवा हातपंपाने पाणी टिपून बादलीत घ्यायचं, मग मुरूमासारखी भाजलेल्या मातीची बारीक खडी थोडीशी पसरायची, मग दाताळं. मुलांनाही दाताळं हातात द्या. ज्याने मैदान सारखं केलं तो त्यावर पाय घासत चालत नाही.

पालकांबद्दल, आणि मुद्दाम आपल्या लोकांबद्दल. इथले पालक भांडतात ते खेळायला मिळण्याच्या वेळेवरून. माझा नियम साधा आहे. मॅच संपल्यापासून चोवीस तास त्याबद्दल बोलणं नाही. त्यानंतर मी भेटतो, मुलगा समोर असताना भेटतो, आणि दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलत नाही. आपल्या मराठी, किंवा एकूण भारतीय घरांत प्रश्न उलटा असतो. मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपी परीक्षा (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) येतात, आणि तेव्हाच सीझन सगळ्यात रंगात असतो. एप्रिल संपत आला की आई-वडील म्हणतात, "सर, आता पुरे झालं, अभ्यासाचं बघू." मुलाला ते मैदानावर येऊन सांगता येत नाही. तो पोट दुखतं म्हणतो, किंवा नुसता यायचा बंद होतो. मग बाकीची मुलं त्याला पळपुटा समजतात.

मी मार्चमध्येच अशा घरी फोन करतो. सगळ्या परीक्षांच्या तारखा मागून घेतो आणि त्या दिवसांची प्रॅक्टिस आधीच माफ करतो. मराठी घर असेल तर मराठीतच बोलतो. एका काकूंनी मला विचारलं होतं, "बेसबॉलने कॉलेजात ॲडमिशन मिळते का हो?" मी खरं तेच सांगितलं, की आपल्या टीममधल्या बहुतेक मुलांना कॉलेजमध्ये बेसबॉल खेळायला मिळणार नाही. मग त्या म्हणाल्या, "मग कशाला?" मी त्यांना एका मॅचला बोलावलं. त्यांचा मुलगा त्या दिवशी खेळला नाही, बाकावर होता. पण त्याच्या जागी उतरलेल्या मुलाने बॉल सोडला तेव्हा डगआउटच्या, म्हणजे टीम बसते त्या जागेच्या, पायरीवर उभं राहून सगळ्यात आधी त्याचं नाव घेऊन ओरडला तो. आईने ते पाहिलं. वर्षभर परत त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. घडीची खुर्ची घेऊन येत राहिल्या.

उरलेलं भरभर सांगतो. सीपीआरचं प्रशिक्षण, डोक्याला मार लागल्यावर काय करायचं त्याचा कोर्स, पार्श्वभूमी तपासणी, हे सगळं पहिल्या प्रॅक्टिसआधी व्हायला हवं. एईडी मशीन (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं) मैदानापासून किती अंतरावर आहे ते स्वतः चालून बघा, कागदावर वाचून नको. छातीवर बॉल बसून हृदय थांबण्याचा प्रसंग दुर्मीळ असला तरी या खेळात घडतो, आणि तेव्हा मिनिटं मोजावी लागतात. ढग गडगडले किंवा वीज दिसली की खेळ थांबतो, आणि शेवटच्या गडगडाटापासून ३० मिनिटं कुणी मैदानावर नाही. समोरचा कोच घड्याळ दाखवेल, बघू नका. लाकडाच्या नसलेल्या बॅटवर बीबीकॉरचा (बॅटवरून बॉल किती जोरात उसळावा त्या मर्यादेचा) शिक्का आहे का ते मॅचआधी तपासा. अंपायरसमोर सगळं साहित्य नियमाप्रमाणे आहे असं सांगायची जबाबदारी कोचची असते. अंपायर मिळणं दरवर्षी कठीण होत चाललंय. त्यांच्याशी नावाने, अदबीने बोला, मुलं तेच उचलतात.

आता तुमचा प्रश्न, हो म्हणू का. तुमचा स्वतःचा मुलगा त्याच जेव्ही टीममध्ये असेल तर या वर्षी थांबा, किंवा त्याच्या निवडीत आणि लाइनअपमध्ये तुमचा शब्द नसेल हे हेड कोचकडून आधी ठरवून घ्या. मुलाला विचारा, तो एकटा असताना. त्याचं उत्तर "चालेल" असं आलं तर आणखी एकदा विचारा. ऑफिसमध्ये मॅनेजरशी बोलून सोमवार ते शुक्रवार दुपारी अडीचला निघता येईल का ते पक्कं करा. निम्मा सीझन झाल्यावर येणं बंद करणारा असिस्टंट मुलांना फार दुखावतो. ज्या मुलांना घरात तसाच अनुभव आहे त्यांना तर जास्तच.

आणि हेड कोचला तीन गोष्टी विचारा. जेव्हीच्या पिचर्सचे बॉल कोण मोजतं आणि ते व्हर्सिटीच्या कोचपर्यंत त्याच रात्री पोचतात का. ट्रायआउटनंतर मुलांना कोण सांगतं, आणि कसं. बस परत आल्यावर शेवटी कोण थांबतं. त्याने तिन्हींची उत्तरं न अडखळता दिली तर तुम्ही चांगल्या माणसाबरोबर काम करणार आहात. तिसऱ्याला तो म्हणाला की "तुम्ही थांबाल", तर गाडीत एक जास्तीचं जॅकेट आणि केळी ठेवा. मार्चमध्ये रात्री आठला इथे चांगलीच थंडी असते, आणि मॅच खेळून आलेल्या मुलाने अकराच्या लंचनंतर काही खाल्लेलं नसतं.